एका ओळीला तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा: कळव्यात राहणारा एक मुलगा दीड वर्षापूर्वी ऐरोलीतल्या एका कंपनीत डेव्हलपर म्हणून लागला. काम जुन्या सिस्टिमच्या मेंटेनन्सचं. मध्यंतरी एका बगवर, म्हणजे कोडमधल्या चुकीवर, तीन दिवस गेले आणि शेवटी बदलली एक ओळ. मॅनेजरने स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर विचारलं, "एका ओळीला तीन दिवस?" घरी आई रोज विचारते आज काय केलंस, तर सांगायला काही सुचत नाही. बरोबरचे मित्र नवीन ॲप बनवतायत, हा दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचतोय. आणि आता कोड एआयच लिहून देतंय, तर या कामात राहण्यात काही अर्थ आहे का?

वयाने बराच लहान आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते. मी ठाण्यात राहते आणि वीसेक वर्षं याच पट्ट्यात, आधी महापे आणि मग ऐरोली, हेच काम करतेय. तुझ्या प्रश्नात मला तीन दिवसांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तीन दिवस लागले यात गैर काही नाही. पण त्या तीन दिवसांत काय कळलं ते मॅनेजरला चार वाक्यांत सांगता आलं नाही, ते सांगता यायला हवं होतं. तुझं काम ओळ लिहिण्याचं कमी आणि कुठली ओळ, का, आणि ती बदलल्यावर आणखी कुठे काय हलेल हे शोधण्याचं जास्त आहे. पगार मिळतो तो या शोधण्याचा.

एक केस सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. एका क्लायंटची पैसे भरून पावती देणारी सिस्टिम होती. तक्रार आली की काही पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडते. सगळ्यांवर नाही, काहींवरच. टेस्टिंगवाल्यांनी दिवसभर पावत्या काढून पाहिल्या, एकही चुकली नाही. तिकीट, म्हणजे तक्रारीची सिस्टिममधली नोंद, दोनदा "रिप्रोड्यूस होत नाही" (चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही) म्हणून बंद झालं आणि दोनदा परत उघडलं.

कारण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होता. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असतं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात कोणी पैसे भरले, तर आपल्याकडे तारीख बदललेली असते आणि सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. टेस्टर सकाळी साडेनऊला येणार आणि संध्याकाळी सातची लोकल पकडणार, त्याला हा बग दिसेल कसा? वर्षभर कोणाचं फारसं अडलंही नाही. एप्रिलमध्ये मात्र क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांनी फोन केला, कारण ३१ मार्चच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १ एप्रिलला, भरलेले पैसे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसले होते. तारीख एका दिवसाने चुकली, हिशेब एका वर्षाने.

उपाय? सगळ्यात सोपा म्हणजे डेटाबेसच्या कनेक्शनचा टाइमझोन बदलून 'एशिया/कोलकाता' करायचा. एक ओळ, पाच मिनिटं. तो कोणीही सुचवेल, आणि सुचवलाही गेला. पण त्या सिस्टिमवर महिन्याचे रिपोर्ट चालत होते, आणि एका रिपोर्टच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवणाऱ्या कोडमध्ये, वेळेत ३३० मिळवलेले दिसले. ३३० म्हणजे साडेपाच तासांची मिनिटं. कोणीतरी कधीतरी हाच प्रश्न फक्त आपल्या रिपोर्टपुरता हाताने सोडवून ठेवला होता. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना लिहायच्या टिपेत, एकच शब्द: 'फिक्स'. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला.

आता ती पाच मिनिटांची ओळ प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर, गेली असती तर काय झालं असतं बघ. वेळ एकदा कनेक्शनने साडेपाच तास पुढे नेली असती, दुसऱ्यांदा त्या क्वेरीने. संध्याकाळी साडेसहानंतर भरलेला प्रत्येक पैसा रिपोर्टमध्ये दुसऱ्या दिवशी दिसला असता. मध्यरात्रीच्या मूठभर पावत्या दुरुस्त करताना संध्याकाळच्या गर्दीचे सगळे आकडे बिघडले असते. मग सगळ्या कोडमध्ये ३३० शोधला. १९८०० शोधला, कारण कोणी सेकंदातही मिळवतं. 'साडेपाच' या हिशेबाने ५.५ शोधला. आणखी ठिकाणी सापडलाच. शेवटी डेटाबेसमधली वेळ यूटीसीतच ठेवली आणि पावतीवर तारीख छापताना भारतीय वेळेत फिरवली. बदल एका ओळीचाच झाला, पण वेगळ्या ओळीचा. तुझ्या तीन दिवसांचं मी हेच म्हणतेय.

जाता जाता याच विषयातली एक गोष्ट, कारण ती परदेशी टीमना हमखास माहीत नसते. आपला फरक पूर्ण तासांचा नाही, अर्ध्या तासाचं शेपूट आहे. कोणी आकडे यूटीसीच्या तासातासाने गोळा करून मूळ नोंदी टाकून देत असेल, तर त्यातून आपला दिवस नंतर कापताच येत नाही. आपला दिवस त्यांच्या १८:३० ला, म्हणजे तासाच्या मधोमध सुरू होतो. डिझाइनच्या मीटिंगमध्ये हे बोलायला एक भारतीय ज्युनिअर पुरे असतो. तू असशील तर बोल, मागे बसून राहू नकोस.

आता वाचण्याबद्दल. तू लिहिलंयस की दिवसभर वाचूनही डोक्यात काही राहत नाही. माझा अंदाज आहे की तू फाइल वरून खालपर्यंत वाचतोस. तसं कोणाच्याच डोक्यात राहत नाही. जुना कोड एखादा प्रश्न घेऊन वाचायचा असतो. एकच पावती घे, तिचा नंबर घे आणि ती कुठून आत आली, कुठल्या टेबलात पडली, कुठल्या फंक्शनमधून गेली, कुठे छापली गेली एवढाच माग काढ. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिम चालताना स्वतः लिहिते त्या नोंदींत, तो नंबर शोध. लॉग नसेल तर टेस्ट सर्व्हरवर स्वतः लॉग टाक. एका पावतीचा प्रवास नीट कळला की अर्धी सिस्टिम कळलेली असते. उरलेली अर्धी बहुतेक वेळा लागतही नाही.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, त्यातला इतिहास वाचायची सवय लाव. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट लिहिलं, तेव्हा अनेक लोकांचे बदल सांभाळणं ही मोठी गरज होती. आपण मात्र त्याचा उपयोग पुश आणि पुल, म्हणजे कोड वर चढवणं आणि खाली घेणं, एवढ्यापुरता करतो. 'गिट ब्लेम' चालवलंस की प्रत्येक ओळ कोणी, कधी, कुठल्या कमिटमध्ये आणली ते दिसतं. त्या कमिटबरोबर आणखी कुठल्या फाइली बदलल्या होत्या ते पाहिलंस की ओळ का आली याचा निम्मा उलगडा होतो. आणि 'गिट बायसेक्ट' आमच्या ऑफिसातल्या चांगल्या चांगल्यांना माहीत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मागच्या महिन्यात चालत होतं, आज चालत नाही, मधे हजार कमिट आहेत. बायसेक्ट तुला मधल्या कमिटवर नेऊन उभं करतं, तू चालतंय की नाही एवढंच सांगायचं, मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. हजार कमिटमधला दोषी साधारण दहा चाचण्यांत हातात येतो. लाखाला सतरा. हे गणित शाळेतलं आहे, पण संध्याकाळी सात वाजता प्रॉडक्शन बंद असताना ते फार कामाला येतं.

विचित्र दिसणारी ओळ मात्र सहज पुसू नकोस. निरर्थक वाटणारा अर्धा सेकंदाचा थांबा, एकाच ग्राहकासाठी वेगळी अट, दोनदा ट्रिम केलेलं (पुढे-मागे असलेल्या रिकाम्या जागा काढलेलं) नाव... यातल्या बऱ्याच ओळींमागे कोणाची तरी जागून काढलेली रात्र असते. काही ओळी खरंच कचरा असतात. कुठली कोणती ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला लाज वाटू देऊ नकोस. आधी स्वतः शोध, काय शोधलं ते लिही, आणि मग विचार. "हे काय आहे?" असं विचारलं की सिनिअर वैतागतो. "हा बदल या तारखेचा, या तिकिटातला दिसतोय, पण ते तिकीट बंद आहे, मग ही अट अजून लागते का?" असं विचारलं की तोच सिनिअर खुर्ची ओढून बसतो.

आता एआय. मी वापरते, रोज वापरते, तूही वापर. अनोळखी भाषेतलं दोनशे ओळींचं फंक्शन समजावून घ्यायला, टेस्टचे साचे लिहायला, एसक्यूएलची किचकट क्वेरी सोडवायला त्याच्याइतकी पटकन मदत शेजारच्या खुर्चीतून मिळत नाही. क्लायंटचा डेटा, पासवर्ड किंवा सिस्टिमच्या गुप्त चाव्या (कीज) त्यात चिकटवू नकोस, आणि कंपनीने कुठलं टूल वापरायला परवानगी दिली आहे ते आधी बघ. पण तुझी भीती वेगळी आहे, ती म्हणजे आपली गरजच उरणार नाही. तिला उत्तर म्हणून आणखी एक केस देते.

ग्राहकांना जाणारे एसएमएस इंग्रजीत होते, ते मराठीत हवेत, असं काम आलं. तिकिटात शब्द होते, "फक्त मजकूर बदलणे". एआयला सांग, एका मिनिटात स्वच्छ मराठी देईल, फाइलही बदलून देईल. पण एसएमएसचं एक जुनं गणित आहे. साध्या इंग्रजी मजकुराला एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मिळतात, कारण तिथे एक अक्षर सात बिटांत बसतं. देवनागरी आली की सगळा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या बसतील अशा सांकेतिक पद्धतीत, जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब झाला तर त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. शिवाय मोजणी आपण डोळ्यांनी करतो तशी होत नाही. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'ठाणे' दिसायला दोन अक्षरं, मोजायला चार. 'महाराष्ट्र' मोजायला दहा. म्हणजे दीडशे अक्षरांचा इंग्रजी मेसेज एका मेसेजच्या पैशात जात होता, तितक्याच मोजणीचा मराठी मेसेज तीन तुकड्यांत जाणार, आणि बिल तुकड्यांवर लागतं. वर आपल्याकडे असे मेसेज पाठवण्याआधी त्यांचा साचा टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणीच्या प्लॅटफॉर्मवर (त्याला डीएलटी म्हणतात) मंजूर करून घ्यावा लागतो, तो मराठीचा वेगळा.

क्लायंटला हे आधी सांगितलं तर तो म्हणतो, "बरं झालं सांगितलंत, मजकूर छोटा करू." बिल आल्यावर कळलं तर तो काय म्हणतो ते तुला माहीत आहे. "फक्त मजकूर बदलणे" वाचून ज्याच्या मनात पाल चुकचुकली, त्याची गरज उद्याही लागणार आहे. एआयला विचारलंस तर तेही ७० ची मर्यादा बरोबर सांगेल. पण विचारायचं सुचायला हवं, आणि ते असली तिकिटं हाताखालून गेल्याशिवाय सुचत नाही. तुझं कंटाळवाणं मेंटेनन्सचं काम तुला नेमकं तेच देतंय.

उलट माझी काळजी दुसरी आहे. आतापर्यंत जुन्या कोडमागे एखादा माणूस तरी होता. कंपनी सोडून गेला असला तरी लिंक्डइनवर सापडायचा, फोन केला तर "अरे हो, ते त्या बँकेच्या फाइलमुळे टाकलं होतं" म्हणायचा. एआयने लिहिलेली आणि घाईत मर्ज झालेली (मुख्य कोडमध्ये मिसळलेली) ओळ अशी असते की ती का आली हे कोणालाच आठवत नाही, कारण तेव्हाही ते कोणी मनात धरलेलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत वाचायचं काम वाढणार आहे. नवीन ॲप बनवणारे तुझे मित्र दोन वर्षांनी त्याच ॲपचे मेंटेनन्सवाले होणार आहेत, तेव्हा त्यांचा फार हेवा करू नकोस.

मॅनेजरचं आणि आईचं. मॅनेजरला मी दोष देत नाही, सगळ्यांसमोर विचारणं वाईट, पण त्याला वर उत्तर द्यायचं असतं आणि त्याच्या हातात फक्त 'इन प्रोग्रेस' असतं. म्हणून मोठ्या बगवर बसलास की दिवसाअखेर तिकिटात तीन-चार ओळी लिही: आज काय तपासलं, कशाची शक्यता बाद झाली, उद्या काय बघणार. "कनेक्शनचा टाइमझोन बदलणं धोक्याचं आहे, कारण रिपोर्टमध्ये ३३० मिनिटं मिळवली आहेत" अशा धर्तीचं एखादं वाक्य दुसऱ्या दिवशी तुझ्या तिकिटात असतं, तर तो प्रश्न विचारायची वेळच आली नसती. रिव्ह्यू करणाऱ्या, म्हणजे तुझा कोड तपासणाऱ्या, सहकाऱ्यालाही सोपं जातं. आणि वर्षाअखेरच्या अप्रेझलला हेच उघडून दाखवता येतं, नाहीतर डिसेंबरमध्ये बसून आपण वर्षभर काय केलं ते आठवत बसावं लागतं.

आईला सांगायला उपमा शोधत बसू नकोस. "लोकांच्या पावत्यांवर चुकीची तारीख पडत होती, ती का पडते ते आज सापडलं." असं काहीतरी, एवढं पुरे. बँकेचं पासबुक भरून आणणाऱ्या बाईला तारीख चुकण्याचा अर्थ तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो.

रोजच्या धबडग्याबद्दल तू फारसं विचारलं नाहीस, पण दोन गोष्टी सांगते. एक, सलग वेळ राखून ठेव. कोडचा माग काढताना डोक्यात सात-आठ गोष्टी एकदम धरलेल्या असतात. कोणी खांद्यावर हात ठेवून "दोन मिनिटं आहेत का?" म्हटलं की त्या सगळ्या सांडतात. सकाळी लवकर निघालास, ठाण्याहून ट्रान्स हार्बरला गर्दी व्हायच्या आत ऐरोलीला उतरलास, तर स्टँडअपच्या आधीचा तास दीड तास दिवसातला सर्वात चांगला असतो. मी कठीण काम त्यातच करते आणि मेल दुपारी डबा खाल्ल्यावर, झोप येते तेव्हा. दोन, अमेरिकेच्या कॉलचं वेळापत्रक. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी घड्याळं मागे केली की साडेआठला जाते. दरवर्षी त्या सोमवारी कोणीतरी एक तास आधी येऊन बसतं. टीमची मीटिंग त्यांच्या नऊ वाजता करून घ्या असं नोव्हेंबरच्या आधीच सांगायचं, मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं. आपण मागतच नाही, आणि मग रात्री दहाला घरी पोचून जेवण गरम करत बसतो.

राहायचं की सोडायचं? तुझ्या कोडचा रिव्ह्यू कोणी मन लावून करतं का, टेस्ट सर्व्हरवर तुला स्वतः काही चालवून बघता येतं का, आणि तुझ्या प्रश्नांना उत्तर देणारं एक तरी माणूस टीममध्ये आहे का, एवढं बघ. हे असेल तर आणखी वर्षभर थांब, मेंटेनन्सचं काम असलं तरी. हे नसेल आणि तू नुसती तिकिटं एका सिस्टिममधून दुसरीत चिकटवत असशील, तर कंपनीतच दुसरी टीम माग, आणि नाही मिळाली तर बाहेर बघ. नोटिस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर तो हिशेबात धर. घाईने हातातली नोकरी सोडून मग शोधू नकोस, एवढ्यात तरी.

आणि थांबणार असशील तर एक काम स्वतःहून कर, कोणी तिकीट देणार नाही. तुझ्या सिस्टिममध्ये तारखा कशा साठवल्या आहेत ते बघ. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजणाऱ्या सिस्टिमची पुंजी १९ जानेवारी २०३८ ला संपते, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मायएसक्यूएल या डेटाबेसचा 'टाइमस्टॅम्प' प्रकार तिथपर्यंतच जातो, 'डेटटाइम' पुढे जातो. लोकांना हे दूरचं वाटतं. पण घोडबंदर रोडला फ्लॅट घेणाऱ्या माणसाचं गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, त्याच्या शेवटच्या हप्त्याची तारीख २०३८ च्या पलीकडे आत्ताच साठवावी लागते. विमा, मुदतठेवी, पेन्शन, तिथेही तेच. तुमच्याकडे असे कॉलम किती आहेत आणि त्यांत भविष्यातल्या तारखा जातात का, याची यादी कर, टीम लीडला मेल कर आणि उत्तर काय आलं ते कळव.